गिऱ्हाईक

दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेल्या काटाबाईंना दार ढकलून घडीवाली आत येताना दिसली, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, ‘अहो, तुमच्या मुलीच्या मापाचे बूट आलेत बरं का. बाजूला काढून ठेवलेत मी. उद्या दुकानात या.’ वाक्य संपेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि संपल्यावरही ते काही वेळ तसंच राहिलं, पाहुणे निघून गेल्यावर बाहेरच्या खोलीतला दिवा चालू राहावा तसं. कारण घडीवाली जागच्या जागी थांबली होती. तिच्या हाताशी मुलगी होती, दहा-अकरा वर्षांची, एक गाल सुजलेली. आणि शेजारी आणखी एक बाई होती, बहुधा तिच्याच इमारतीतली, काखेत भारीपैकी पर्स आणि ओठांवर अर्धवट राहिलेलं बोलणं. त्या बाईने काटाबाईंकडे पाहिलं, मग घडीवालीकडे, आणि मग मुलीच्या पायांकडे. हा शेवटचा कटाक्ष काटाबाईंनी स्वच्छ पाहिला. बूट लहान झाले होते म्हणून मुलीने त्यांच्या टाचा आत दुमडून ते सपातांसारखे घातले होते. तिने एक पाऊल हळूच दुसऱ्याच्या मागे नेलं. ‘तुमची काहीतरी गल्लत होतेय,’ घडीवाली म्हणाली, ‘मी नाही ओळखत तुम्हाला.’ आवाज अगदी सभ्य होता, चुकीच्या दारावर आलेल्या पोस्टमनशी बोलावं तसा. ‘असेल, असेल,’ काटाबाई म्हणाल्या, ‘हल्ली मला सगळे चेहरे सारखेच दिसतात.’ एवढं मोठं खोटं त्या आयुष्यात बोलल्या नव्हत्या.

चेहरे हाच तर त्यांचा माल. नोकरीची सगळी वर्षं त्या एका कारखान्याच्या भांडारात, जाळीच्या खिडकीमागे बसल्या. समोरून माणूस यायचा, हातमोजे मागायचा, साबण मागायचा, स्क्रू मागायचा, आणि वस्तू काढून देईपर्यंत त्यांनी त्याला तोलून ठेवलेलं असायचं: हा झिजवतो, हा हरवतो, हा घरी नेतो, ह्याला हातमोजे नकोच आहेत, घटकाभर यंत्राच्या आवाजापासून लांब उभं राहायचंय. लोक त्यांना काटा म्हणायला लागले, तराजूचा काटा. त्याची पुढे काटाबाई झाली आणि ते नाव असं काही अंगाला बसलं, की निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्यांचं कागदावरचं नाव घेतल्यावर मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, ह्या कोण नवीन? नवरा म्हणायचा, लग्न झाल्यापासून मी घरात श्वास रोखून चालतो, उगाच वजन जास्त भरायला नको. मनात त्यांच्या प्रत्येक माणसाचं खातं उघडलेलं असायचं, एका अंगाला जमा, दुसऱ्या अंगाला नावे, आणि त्याची त्यांना लाज वाटत नसे. माणसाला नीट ओळखणं म्हणजेच त्याचा मान ठेवणं, असा त्यांचा साधा हिशेब. पण समोरच्या बाकावर येऊन बसलेल्या ह्या बाईचा मान राहायचा, तर त्यांनी तिला अजिबात ओळखायचं नव्हतं. आणि हे त्यांना जगातल्या दुसऱ्या कोणाहीपेक्षा जास्त पक्कं ठाऊक होतं. निवृत्तीनंतर त्या ज्या दुकानात काम करत, तिथे नव्याने येणाऱ्यांना ते शिकवायच्याच त्या. रस्त्यात आपलं गिऱ्हाईक दिसलं, तर पोस्टाच्या पेटीकडे बघतो तसं बघा, म्हणजे बघा, पण टाकायला काही नसल्यासारखं, असं त्या सांगत आणि सगळे हसत.

दुकान होतं एका संस्थेचं. महिनाअखेरीला ज्यांच्या घरात हात आखडतो, त्या घरांना संस्था एक कार्ड देई, कार्डावर महिन्याचे गुण असत, आणि दुकानातल्या प्रत्येक वस्तूला गुणांची चिठ्ठी. यायचं, बघायचं, आवडलं तर घ्यायचं, नाही तर पुढच्या खेपेला. संस्था चालवणाऱ्या मोठ्या बाई पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांनी ‘मदत’ हा शब्द चपलेसारखा दाराबाहेर काढून ठेवायला लावला होता. इथे कोणी गरजू नाही, त्या म्हणत, इथे गिऱ्हाईक आहे. आणि गिऱ्हाइकाला आपण कशाला आलात हे विचारत नाहीत, काय दाखवू हे विचारतात. कपडा धुतलेला, इस्त्री केलेला आणि सगळ्या गुंड्या जागेवर असलेलाच टांगायचा. देणाऱ्याने फाटकं आणलं, तर गोड बोलून त्याच्याच हातात परत द्यायचं. ह्यावरून एक वजनदार गृहस्थ कायमचे रुसले होते, तर मोठ्या बाई म्हणाल्या, रुसू देत, त्यांच्या पिशवीपेक्षा त्यांचा रुसवा हलका आहे. रस्त्याकडच्या काचेला डोक्याच्या उंचीपर्यंत पांढरा कागद, आत भिंतीला पूर्ण उंचीचा आरसा, पडदा लावलेली कपडे घालून बघायची खोली. आणि सगळ्यात शेवटी तो नियम, जो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला कार्ड देताना मोठ्या बाई स्वतः सांगत: बाहेर भेटलात तर आम्ही तुम्हाला ओळखणार नाही, तुम्ही ओळख दिलीत तरच आम्ही देऊ. हे ऐकल्यावर समोरच्या माणसाचे खांदे कसे खाली येतात, ते काटाबाईंनी कितीदा तरी पाहिलं होतं. घडीवालीचेही आले होते. ती कपडा उलगडून बघायची आणि आवडला नाही तर परत घडी घालून ठेवायची, आणि तिची घडी दुकानातल्या घडीपेक्षा सुबक असायची. म्हणून घडीवाली, काटाबाईंनी ठेवलेलं, मनातल्या मनात वापरायचं नाव. ती कधी भाराभर आभार मानत नसे, कधी घुटमळत नसे, घेतलेल्या वस्तूबद्दल दोन शब्द समजावून सांगत नसे. काटाबाईंच्या खात्यात तिच्या जमेच्या बाजूला बरंच काही होतं. मुलीसाठी शाळेचे बूट मात्र तिला काही केल्या मिळत नव्हते. दर वेळी यायची, फळीवर बघायची, माप लहान नाहीतर मोठं, आणि, ‘बघू, येतील तेव्हा येतील,’ म्हणून जायची. आणि ते आले. जाड तळव्याचे, चॉकलेटी, जेमतेम वापरलेले, नाडीसुद्धा नवी. पेटी उघडून ते हातात घेतल्यापासून काटाबाईंच्या पोटात आनंदाचं काहीतरी उकळत होतं. संध्याकाळी त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं, जेवताना परत सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी दाढेची कळ घेऊन त्या बाकावर बसल्या तरी ते उतू जायचं बाकीच होतं.

आत बोलावल्यावर डॉक्टरने त्यांच्या हिरडीत सुई दिली, दाढ काढली, कापसाचा बोळा दाबून बसवला आणि म्हणाला, आता तासभर तोंड उघडायचं नाही. काटाबाईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो बिचारा गोंधळला. हेच त्याने तासभर आधी, बाहेर येऊन सांगितलं असतं तर. बाहेर आल्या तेव्हा समोरचा बाक रिकामा होता. कंपाउंडरला खुणेने विचारलं, तर तो म्हणाला, त्या बाई मुलीला घेऊन निघून गेल्या, आज नको, मग येऊ म्हणाल्या. दुसऱ्या बाई आहेत. पर्सवाली मासिक चाळत बसली होती आणि मासिकावरून काटाबाईंकडे बघत होती. म्हणजे मुलीची दाढ तशीच गेली, सुजलेल्या गालासकट. काटाबाई जिना उतरल्या. गालाच्या जागी काही नव्हतं, नुसती एक जाड, परकी गादी होती. बोट लावलं तर बोटाला कळत होतं, गालाला नाही. आणि चालता चालता त्या बधिर जागेत, कोणी बोलावलं नसताना, आत्या येऊन बसली.

आत्याचं घर मोठं, आत्याच्या मुली वाढत्या अंगाच्या, आणि त्यांना लहान झालेले फ्रॉक गाठोडं बांधून काटाबाईंच्या आईकडे यायचे. फ्रॉक चांगले असायचे, हे मान्य करायलाच हवं, कॉलरला लेस, खिशावर टीप. पण गाठोडं आलं की पुढच्या रविवारी दोघी बहिणींना त्यातलेच फ्रॉक घालून आई आत्याकडे घेऊन जायची. ह्या जाण्याला आईने कधी नाव दिलं नाही. ताईने दिलं, दाखवणी. आत्याच्या घरची फरशी इतकी चकचकीत, की खाली बघितलं की फ्रॉक उलटे दिसत. आत्या खुर्चीत बसून म्हणायची, वळ बघू. मग म्हणायची, आता अशी वळ. आणि मग, ‘अगं बाई, हिला तर आमच्या धाकटीपेक्षा खुलतोय.’ आई खुर्चीच्या कडेला टेकलेली असायची, पूर्ण बसली तर खुर्ची रागावेल अशी. ‘तुमच्यामुळे, वन्सं,’ ती म्हणायची, आणि हे म्हणताना तिचा आवाज जसा व्हायचा तसा दुसऱ्या कुठल्या वेळी होत नसे: चाळणीतून काढलेल्या पिठासारखा, सगळं जाडंभरडं मागे ठेवून आलेला. एकदा बाहीखाली शिवण उसवलेली होती. येतानाच तशी होती. आईने दोरा घातला, पण कापडच विरलेलं, धरेना. तर आईने सांगितलं, तिथे हात खाली ठेव. आत्याने बिस्किटांची बशी पुढे केली, उंचावरून, प्रेमाने, आणि छोट्या काटाबाईंनी हात उचलला नाही. लाजाळू आहे, आत्या म्हणाली. आई हसली. परत येताना आई नेहमीच भरभर चालायची, मुलींना धावावं लागायचं, आणि त्या धावण्यात त्यांनी विचारलं, उसवलाय म्हणून सांगितलं का नाहीस? आई म्हणाली, दिलेल्यात खोट काढायची नसते. एवढंच, आणि पुढे बाजारभावावर बोलायला लागली.

आयुष्यभर आत्याचं खातं काटाबाईंनी नावेच्याच अंगाला लिहिलं. दिखाऊ, मानाची भुकेली, देऊन वसूल करणारी. आज कोपऱ्यावरच्या किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीजवळ त्या थांबल्या, यंत्र किरकिरत होतं आणि ठिणग्या उडत होत्या, आणि त्यांना आत्याचे डोळे आठवले. मुलींच्या अंगावरचे फ्रॉक बघताना ते चमकायचे. खरोखर चमकायचे. आत्याला आनंद व्हायचा, आणि तो तिला आवरायचा नाही. तो फ्रॉक घालणाऱ्या मुलीला एक पाठ आहे आणि त्या पाठीला वळायला लाज वाटते, हे तिच्या आनंदात मावायचंच नाही. अगदी तोच आनंद, तितकाच प्रामाणिक, तितकाच आंधळा, मघाशी बाकावरून म्हणाला होता, बूट आलेत बरं का. किल्लीवाल्याने विचारलं, काय हवंय बाई? त्यांना तोंड उघडायचं नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि पुढे निघाल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपणही भरभर चालतोय.

नवऱ्याने ऐकून घेतलं. तो शब्दकोडं सोडवत होता आणि पेन्सिल कानावर ठेवून त्याने ऐकलं, म्हणजे प्रकरण त्यालाही गंभीर वाटलं होतं. चुकून गेलं, तो म्हणाला, ती विसरेल. काटाबाई बोबड्या आवाजात म्हणाल्या, ती घडी घालते, विसरत नाही. मग तो म्हणाला, अगं, पत्ता कार्डावर असेलच, बूट नेऊन दे, दोन शब्द बोल, संपलं. हे काटाबाईंच्याही मनात केव्हाचं आलं होतं; इतकं, की त्यांनी त्या दोन शब्दांचे वीस-पंचवीस करून ठेवले होते आणि त्यातल्या काहींना डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांनी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. मोठ्या बाई हँगर पुसत होत्या. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच काटाबाईंना लागलं. वर्गातली पहिली मुलगी नापास व्हावी तसं त्यांनी नुसतं ‘तुम्ही?’ म्हटलं. मग पत्त्याचं ऐकल्यावर हँगर खाली ठेवला.

‘तिच्या घरी जायचं नाही. बूट पाठवायचेही नाहीत.’

‘अहो, शाळा सुरू होईल मुलीची. दुमडलेल्या टाचांनी जाते ती.’

‘मला कळतं. पण आपण नेऊन दिले की ती भीक झाली, काटाबाई. ती आली, की ते दुकान.’

‘आणि आलीच नाही तर?’

 मोठ्या बाईंनी विचारलं, ते बूट कुठे आहेत? काटाबाईंनी काउंटरखालून काढले. राखून ठेवा म्हणून ती सांगून गेली होती? नव्हती. मग फळीवर ठेवा, मोठ्या बाई म्हणाल्या. न सांगता राखून ठेवणारे आपण कोण? काटाबाईंनी ते फळीवर ठेवले, तोंड भिंतीकडे करून, जरा आत. मग स्वतःलाच म्हणाल्या, काटा, हे काय चाललंय, आणि बाहेर ओढून, उजेडात, तोंड पुढे करून ठेवले. थोड्याच दिवसांत एक उंच बाप आपल्या उंच मुलीला घेऊन आला आणि तिच्या पायात ते असे बसले, जसे काही तिच्यासाठीच बनले होते. मुलगी चालून दाखवायला लागली तर काटाबाई म्हणाल्या, मला नको दाखवू गं, आरशात बघ. चिठ्ठी काढून त्यांनी बूट पिशवीत घातले.  दाढेच्या जागी खड्डा होता आणि जीभ सारखी तिथे जायची, घर बदलल्यावर जुन्या पत्त्यावर जाणाऱ्या माणसासारखी.

आणि घडीवाली येत नव्हती. दाराला घंटी होती. ती वाजली की काटाबाई मान वर करायच्या आणि ती नाही हे बघून त्यांचा पडलेला चेहरा आत येणाऱ्याला दिसायचा. हे त्यांना जाणवलं तेव्हा त्या दाराकडे पाठ करून इस्त्रीला उभ्या राहू लागल्या. वाफेत डोळे मिटले की दुमडलेली टाच दिसे. बूट आत वळून वळून त्या जागी चामडं मऊ पडलेलं, शिंपल्यासारखं चमकणारं. किती दिवस लागतात एखाद्या वस्तूला अशी चमक यायला. रस्त्याने जाताना त्या आता चेहरे बघत नव्हत्या. आधी त्यांना वाटलं हा नियम पाळणं झालं. मग कळलं, ही भीती आहे. त्या पाय बघत चालायच्या, बसमध्ये, बँकेत, भाजीच्या रांगेत, आणि लहान मुलींचे बूट दिसले की चढत्या नजरेला गुडघ्याशीच अडवायच्या. नवरा म्हणाला, अशीच बघत राहिलीस तर एक दिवस चप्पलचोर म्हणून धरतील, सोडवायला मला यावं लागेल. त्या हसल्या, पण ताळा काही जुळेना. इतकी माणसं त्या दुकानातून ताठ मानेने बाहेर गेली होती. त्यात एक कमी, असा हिशेब कोणीही मांडला असता. त्यांना तो मांडता येईना. त्यांना दिसत होतं की कुठेतरी एक कार्ड ड्रॉवरच्या तळाशी ढकललं गेलंय, आणि त्या घरात आता बूट, स्वेटर, चादर, सगळंच न घेता निभवायचं ठरलंय, आणि त्या ठरवण्यात त्यांचं एक वाक्य आहे. आईने एखाद्या रविवारी जायचं नाही म्हटलं असतं, तर त्या थंडीत आपण काय घातलं असतं? आईने कधी म्हटलं नाही. ही म्हणाली. काटाबाईंना एका बाजूने तिचा धाक वाटत होता आणि दुसऱ्या बाजूने, इस्त्री थांबवून बघावं लागावं इतका, अभिमान.

शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात दुकान गच्च भरलं होतं. डोक्याला हिरवा रुमाल बांधणारी बाई पडद्यांचं कापड हातावर मोजत होती, एक आजोबा कोटाच्या बाह्यांशी भांडत होते, पडद्याआड कोणीतरी पँटची चेन लावत ‘जरा थांबा’ म्हणत होतं. घंटी वाजली. काटाबाईंची पाठ होती. पण मोठ्या बाईंचा चेहरा समोर होता, आणि तो त्यांनी वाचला आणि वळल्या. घडीवाली आत आली होती, मुलगी सोबत. मुलीचा गाल बरा दिसत होता. पाय काटाबाईंनी पाहिले नाहीत. घडीवाली फळ्यांकडे गेली नाही, सरळ मोठ्या बाईंच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, ‘मला तक्रार करायचीय.’

 आजोबांचा एक हात कोटात आणि एक बाहेर राहिला. दुकान उघडल्यापासून तिथे कधी तक्रार आली नव्हती, आणि त्याचा सगळ्यांना, मोठ्या बाईंनासुद्धा, अभिमान होता. पाहुण्यांना सांगायचे ते, एक तक्रार नाही अजून. आणि इस्त्रीचा पाट पुढ्यात, हाताला वाफेची धग लागत असताना, काटाबाईंच्या डोक्यात लख्ख पडलं, की ज्या दुकानात तक्रार येत नाही, तिथे एकही गिऱ्हाईक आलेलं नसतं. आलेल्या असतात त्या सगळ्या खुर्चीच्या कडेला टेकलेल्या आया.

‘बोला,’ मोठ्या बाई म्हणाल्या. ‘कोणाबद्दल?’

‘ह्या बाईंबद्दल.’ घडीवालीने बोट दाखवलं नाही, नुसती हनुवटी वळवली. ‘पहिल्या दिवशी तुम्ही मला शब्द दिला होतात, बाहेर ओळखणार नाही. त्या शब्दावर मी कार्ड घेतलं, नाहीतर घेतलं नसतं. ह्यांनी मला दवाखान्यात, शेजारणीच्या समोर, बुटांची बातमी सांगितली. माझी मुलगी तेव्हापासून मागच्या जिन्याने जाते. मी नवऱ्याला म्हटलं, कार्ड परत देऊन येते. मग म्हटलं, का म्हणून? नियम त्यांचा, मोडला त्यांनी, आणि घरी बसायचं मी?’

तिचा आवाज शेवटी जरा चढला आणि तो चढताना काटाबाईंना ऐकू आला, चाळलेला नसलेला, सगळं जाडंभरडं सोबत घेऊन आलेला आवाज. मोठ्या बाई उभ्या राहिल्या. पिढ्यान्‌पिढ्या पोरांना उभं करणारी ती बाई टेबलाला हात टेकून स्वतः उभी राहिली आणि म्हणाली, ‘तुमचं खरं आहे.’ मग तिने काटाबाईंकडे बघितलं. काटाबाई इस्त्री उभी करून ठेवून पुढे आल्या. ते पंचवीस शब्द त्यांच्याजवळ तयार होते, पाण्यासकट. आणि घडीवालीच्या समोर येईपर्यंत ते एकामागून एक गळून पडले, कारण ते बोलले असते तर पुढच्या क्षणी ह्याच बाईला त्यांची समजूत घालावी लागली असती, जाऊ द्या हो, मनावर घेऊ नका म्हणावं लागलं असतं. म्हणजे माफीचीही दाखवणी झाली असती. दुकानदार असं करत नाही.

‘चूक माझी आहे,’ काटाबाई म्हणाल्या. ‘पुन्हा होणार नाही.’

घडीवालीने त्यांना तोललं. काटाबाईंना तोलून घ्यायची सवय नव्हती. जाळीच्या ह्या बाजूला उभं राहिलं की कसं वाटतं, हे त्यांना इतक्या वर्षांनी कळत होतं.  मग घडीवाली म्हणाली, ‘बरं. बूट दाखवा.’

‘ते गेले,’ काटाबाई म्हणाल्या. ‘दुसऱ्या गिऱ्हाइकाने नेले.’

‘बाजूला ठेवले होते म्हणालात ना?’

‘ठेवले होते. मग फळीवर मांडले.’

घडीवालीच्या तोंडाचा एक कोपरा हलला. त्याला हसू म्हणता आलं नसतं, पण काहीतरी सैल झालं. ‘बरं केलंत,’ ती म्हणाली, आणि काटाबाईंना वाटलं, की माफीपेक्षा हिला हेच जास्त पोचलं. की ती नसताना दुकान तिच्यासाठी उसासत बसलं नव्हतं, चालू होतं. तेवढ्यात हिरव्या रुमालवालीने घसा साफ केला. तक्रारी घेताच आहात, तर माझीही घ्या म्हणाली. त्या खोलीचा पडदा एका अंगाने पुरत नाही, एका हाताने पडदा धरायचा आणि एका हाताने कपडा घालायचा, बाईमाणसाला तीन हात असतात का? पडद्याआडून आवाज आला, अगदी बरोबर बोललात. आजोबा म्हणाले, कोट सगळे रुंद माणसांचे येतात, बारीक माणसं काय थंडीने मरावीत? कोपऱ्यातली एक मुखदुर्बळ बाई, जिचा आवाज काटाबाईंनी कधी ऐकला नव्हता, म्हणाली, तुम्ही उघडता तेव्हा आम्ही कामावर असतो. संध्याकाळी उघडत जा. मोठ्या बाई कागद शोधत होत्या, पेन शोधत होत्या, सापडत नव्हतं, आणि चष्म्याच्या आतून त्या अशा बघत होत्या, जणू सबंध वर्गाने एकदम हात वर केलाय. सावकाश, त्या म्हणत होत्या, एकेक करून, मला सगळं हवंय.

बुटांच्या फळ्या छताला भिडलेल्या आणि त्यांना लावलेली लाकडी शिडी. काटाबाई कठड्याला धरून चढल्या, एक जोड काढला, उतरल्या. मुलगी स्टुलावर बसली होती. तिने पाय घातला, उभी राहिली, आरशापर्यंत गेली. बोटांना लागतात, म्हणाली. दुसरा जोड आणला. हा मापाचा होता, चांगला होता, काटाबाईंना स्वतःला अतिशय पसंत पडला, आणि त्यांनी दात घट्ट मिटून घेऊन तसं म्हटलं नाही. मुलीने तो घालून पाहिला, डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला, आणि नाक मुरडलं. बक्कल म्हाताऱ्या बायकांसारखं आहे, ती म्हणाली. काटाबाईंनी आईकडे बघितलं. कुठल्याही आईने इथे म्हटलं असतं, अगं, मिळतायत ना, घाल गपचूप. त्यांच्या आईने तर डोळ्यांनीच म्हटलं असतं. घडीवालीने ते बूट उचलले, पट्टे आत सारले, जोडी नीट जुळवली आणि त्यांच्या हातात ठेवली.

‘तिला आवडले नाहीत,’ ती म्हणाली. ‘दुसरे दाखवा.’

काटाबाई पुन्हा चढल्या. गुडघा कुरकुरला, त्याला त्यांनी सांगितलं, तुझी तक्रार घरी घेऊ. खाली मोठ्या बाईंना पेन सापडलं होतं आणि आजोबा त्यांना बारीक माणसांची बाजू समजावून देत होते. घामाचा एक थेंब काटाबाईंच्या भुवईवरून नाकावर आला. तो पुसायला हात मोकळा नव्हता आणि पुसावासाही वाटत नव्हता. इतकी वर्षं ह्या जागेत त्या येत होत्या, आणि इतकं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं. कोणाला काही देतोय, असं आज अंगात कुठेच वाटत नव्हतं. नुसता माल काढत होत्या त्या. ‘ते नकोत काकू,’ खालून मुलगी म्हणाली, मान मागे टाकून, बोट उंच करून, अगदी ठणठणीत आवाजात, ‘त्याच्या पलीकडचे. काळे. नाही, त्याच्याही पलीकडचे.’

‘अहो, जरा लवकर,’ घडीवाली म्हणाली, ‘आम्हाला पुढे आणखी कामं आहेत.’

‘आणते,’ काटाबाई म्हणाल्या, आणि दोन्ही हातांत मावतील तितके जोड घेऊन, कठड्याला न धरता, खाली उतरल्या.